मुलांस आपला माळ दाखविणे

आपल्या मुलांस सिंह, हत्ती व जिराफ ह्यांची नावे पुस्तकावरून तोंडपाठ असतात. परंतु विहिरीकाठच्या बाभळीवर कोणता पक्षी घरटे विणतो असे विचारले असता पुष्कळ मुले गप्प राहतात. ज्यांस उत्तर येते ती बहुधा शेळ्या राखणारी मुले असतात, आणि वर्गात त्यांनाच कोणी विचारीत नाही. गरीब घरच्या मुलांस आपल्याच शिवारातील पशुपक्षी कसे दाखवावे, ह्याचा विचार ह्या धड्यात करावयाचा आहे.

१. हे कशासाठी?

सुमारे १९०८ साली मुंबईतील एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून ती कोणती हे विचारण्यास तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. तेथील चिटणीस मिलर्ड ह्यांनी त्यास परत लाविले नाही. कपाटे उघडून पक्ष्यांचे नमुने दाखविले. तोच मुलगा पुढे पक्षिशास्त्रज्ञ डॉक्टर सलीम अली झाला. आपण मुलाच्या हाती गलोल पाहिली की रागावतो. रागावण्याने गलोल खिशात जाते, एवढेच होते. त्यास पक्ष्याचे नाव, घरटे व खाणे दाखविले तर गलोल आपोआप खाली राहण्याचा संभव अधिक.

२. केव्हा व कोठे?

ज्या गावांतून माणसे ऊसतोडीस जातात, तेथील मुले दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर निघून जातात व उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. सहल हिवाळ्यात ठेवली तर ज्यांस तिची गरज अधिक तीच मुले मागे राहतात. म्हणून पोळ्यानंतर व दसऱ्याआधी जावे. त्या वेळी गवत उभे असते व सुगरणीची घरटीही दिसतात. वेळ पहाटेची असावी. ऊन चढण्याआधी मूल घरी आले, तर शेळ्या सोडण्याचे काम अडत नाही व आईबापांचा विरोधही राहत नाही. वर्गणी मागू नये. भाकरी व पाणी पुरे.

कर्जत तालुक्याच्या आसपास राहणाऱ्यांनी रेहेकुरी येथे जावे. १९८० साली काळविटांसाठी राखलेले हे अभयारण्य अवघे दोन चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे आहे. तेथे वनरक्षकाची परवानगी घ्यावी. इतरांस गावचा माळ व ओढा पुरेसा आहे.

३. काय दाखवावे?

काळविटांच्या कळपात काळ्या पाठीचा व पिळदार शिंगांचा तो नर. पिंगट व बिनशिंगाची ती मादी. नराचे पाडस आधी पिंगटच असते व वयाबरोबर काळे होत जाते. नर एकाच जागी लेंड्यांचा ढीग करून आपली हद्द दाखवितो. तो ढीग मुलांस शोधू द्यावा. नवजात पाडसास आई गवतात लपवून चरावयास जाते. ते एकटे दिसले तरी अनाथ नसते. त्यास उचलून आणणे म्हणजे आईपासून तोडणे होय.

पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड असल्यास त्याखाली पडलेल्या करड्या गोळ्या वेचाव्या. पाण्यात भिजवून काडीने उकलल्या असता आत उंदरांची हाडे व कवट्या निघतात. घुबड अशुभ असे ऐकत वाढलेल्या मुलाने एका गोळीतील कवट्या स्वतः मोजल्या, म्हणजे शेतकऱ्याचा मित्र कोण हे त्यास निराळे सांगावे लागत नाही.

माळास 'पडीक' म्हणू नये, हेही सांगावे. खोकड, लांडगा, चंडोल व काळवीट ह्यांस उघडे गवतच हवे. तेथे दाट झाडे लाविली तर त्यांचे घर जाते.

४. जीव वाचविणारे पाठ

नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार विषारी सापांची चित्रे मुलांस ओळखता यावी. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. परंतु ओळख पटो वा न पटो, कोणत्याही सापास हात लावू नये. मण्यार रात्री हिंडतो व जमिनीवर निजलेल्यांस चावतो. त्या दंशाची वेदना फार थोडी असते, म्हणून माणूस पुन्हा निजतो व दगावतो. शक्य असल्यास खाटेवर मच्छरदाणी खोचून निजावे. दंश झाल्यास चिरू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. कडी-तोडे काढून अंग न हालविता ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे. वरील चारही सापांच्या विषावर एकच लस चालते.

जुन्नर, शिरूर, संगमनेर ह्या तालुक्यांत बिबट्या उसात राहतो, आणि ऊसतोडीची मुले त्याच फडाजवळ कोपीत निजतात. त्यांस सांगावे की अंधार पडल्यावर एकट्याने जाऊ नये, मोठ्या माणसाबरोबर, दिवा घेऊन व बोलत जावे. उसात बछडी सापडली तर शिवू नयेत. त्यांची आई परत येते. मोठ्यांस कळवावे व वनखात्यास वर्दी द्यावी.

५. वाटाड्या कोण?

शेळ्या राखणाऱ्या मुलासच पुढे चालू द्यावे. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी होते, तरी पक्ष्यांची व झाडांची कित्येक नावे ते रानात राहणाऱ्या माणसांपासून शिकले. तेव्हा मुलाचे गावठी नाव खोडू नये. ते आधी लिहावे, पुस्तकातील नाव त्याखाली. वर्गात मागे बसणारे मूल त्या सकाळी सर्वांस उत्तर देताना दिसते, आणि शाळा आपल्यासाठीही आहे असे त्यास प्रथमच वाटते.

विचारावयाचे प्रश्न

(१) काळविटाचे पाडस गवतात एकटे दिसल्यास काय करावे?
(२) घुबडाच्या गोळीत काय सापडले? त्यावरून काय कळते?
(३) सर्पदंश झाल्यावर कोणत्या तीन गोष्टी करू नयेत?
(४) आपल्या गावच्या माळावर आज कोणते प्राणी आहेत, व आजोबांच्या वेळी कोणते होते?

चौथा प्रश्न मुलांनी घरी जाऊन विचारावा व उत्तर वहीत लिहून आणावे. दरवर्षी ती वही पुढील वर्गास द्यावी.