दगडाखालची खूण

मुळा नदी आपल्या मुळशीच्या डोंगरांत उगम पावते. खाली पुण्याजवळ तिच्यात सांडपाणी मिसळते. तिथे पाण्यावर जलपर्णी माजते. ही घाणीची खूण आहे.

आपल्या ओढ्याचे पाणी कसे आहे, हे कसे ओळखावे?

शाळेत असताना आम्ही मुलांना ओढ्यावर नेत असू. वाहत्या पाण्यातला दगड उलटा करून पाहत असू. त्याला बारीक, चपटे किडे चिकटलेले असतात. त्यांच्या शेपटीला केसासारखे तीन धागे असतात. पाण्यात हवा विरघळलेली असते. तिच्यावर हे किडे जगतात. घाण मिसळली की ती हवा सरते. हे किडे आधी मरतात. मग गाळात लाल, दोऱ्यासारख्या अळ्या तेवढ्या उरतात. त्या थोड्या हवेवरही तगतात.

किडे नाहीसे झाले, लाल अळ्या वाढल्या, तर ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन पाहावे. संडासाचे पाणी कुठून येते, गोठ्याचे शेण कुठून येते, ते शोधावे. ग्रामसभेत सांगावे.

पण एक ध्यानात ठेवा. किडे आहेत म्हणून पाणी पिण्याजोगे आहे, असे नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी उकळूनच प्यावे.

आणि हो, उचललेला दगड होता तसा परत ठेवावा. ते कुणाचे तरी घर आहे.