व्यायामसातत्य आणि मर्मोपहास
(चरकसंहिता, सूत्रस्थान, अध्याय ७ च्या आधारे एक चिकित्सोपयोगी विचार)

प्रास्ताविक

स्थौल्य, प्रमेह, हृद्रोग यांसारख्या व्याधींत रुग्णाला व्यायामाचा उपदेश न करणारा वैद्य विरळाच. तथापि हा उपदेश तीन महिन्यांनंतरही पाळणारे रुग्ण किती, असा प्रश्न आपण स्वतःस केला तर उत्तर फारसे समाधानकारक येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक अभ्यासात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे अनुमान निघाले. या दोन आकड्यांचा परस्परसंबंध वैद्यांना वेगळा सांगावयास नको.

व्यायाम का सोडला असे विचारता वेळ नाही, गुडघे दुखतात, ऊन फार आहे, अशी कारणे रुग्ण तत्परतेने सांगतो. एक कारण मात्र तो सहसा सांगत नाही. ते म्हणजे सोबत्यांचे बोलणे. "काय बे, हिरो बनून राहिला काय?", "आठ दिवसांची हौस आहे, पाहून घेऊ", "या वयात पळून कोणती शर्यत जिंकणार?" ही वाक्ये पानठेल्यावर किंवा कार्यालयातील चहाच्या वेळी आपण सर्वांनीच ऐकलेली आहेत. स्त्रियांच्या वाट्याला "घरचं काम कमी पडून राहिलं काय, की आता मैदानात चकरा मारायला लागल्या?" असा अधिक बोचरा प्रश्न येतो. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा द्वेष नसतो. ऐकणाऱ्याचा व्यायाम मात्र सुटतो, आणि त्यासाठी योजलेल्या चिकित्सेचा अर्धा भाग त्याबरोबर गळून पडतो.

एकाच अध्यायातील तीन विषय

चरकाचार्यांनी व्यायामाचे वर्णन सूत्रस्थानाच्या सातव्या, म्हणजे नवेगान्धारणीय अध्यायात केले आहे. शरीराला स्थैर्य देणारी व बल वाढविणारी इष्ट चेष्टा तो व्यायाम, आणि तो मात्रेनेच करावा, असा त्याचा आशय आहे. लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, क्लेशसहिष्णुता, दोषक्षय व अग्निवृद्धी ही त्याची फले आपण विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत केलेली आहेत. परंतु हा अध्याय समग्र वाचला असता आणखी दोन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली गोष्ट अशी की व्यायामाच्या वर्णनानंतर लगेच अहितकर सवयीचा त्याग व हितकर सवयीचा स्वीकार कसा करावा, हे सांगितले आहे. तो एकदम न करता पादांश क्रमाने, म्हणजे चतुर्थांशाने, मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर राखीत करावा. अशा क्रमाने कमी झालेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत व क्रमाने मिळविलेले गुण अप्रकंप्य होतात, असे त्याचे फल सांगितले आहे. 'अप्रकंप्य' हा शब्द येथे फार मोलाचा आहे. सोबत्याच्या एका वाक्याने जो व्यायाम डळमळतो तो क्रमाने अंगी मुरलेला नव्हता, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो.

दुसरी गोष्ट अध्यायाच्या उत्तरार्धात येते. कोणाची संगत टाळावी व कोणाची धरावी, याची यादीच तेथे दिली आहे. वर्ज्य जनांमध्ये चहाडखोर, कलहप्रिय, परोत्कर्ष न साहणारे यांच्यासमवेत 'मर्मोपहासी' म्हणजे दुसऱ्याच्या वर्मावर बोट ठेवून हसणारे यांची स्पष्ट गणना आहे. सेव्य जनांमध्ये बुद्धी, विद्या, वय, शील, धैर्य व स्मृती यांनी संपन्न, प्रसन्नमुख आणि सन्मार्ग सांगणारे येतात. शिवाय याच अध्यायात कठोर, अतिरिक्त, चहाडीच्या व अवेळी उच्चारलेल्या वाणीचा वेग धारण करावा, असेही सांगितले आहे. म्हणजे उपहास करणाऱ्यासही पथ्य आहेच.

व्यायाम, क्रम आणि संगत हे तीन विषय आचार्यांनी एकाच अध्यायात ग्रथित केले आहेत. आपण रुग्णास पहिला सांगतो, दुसरा क्वचित सांगतो आणि तिसरा जवळजवळ कधीच सांगत नाही. व्यायामाचा उपदेश अपुरा पडण्याचे एक महत्त्वाचे कारण येथे आहे, असे आमचे मत आहे.

उपहासाचा परिणाम कोणावर अधिक?

सर्व रुग्णांवर बोलण्याचा परिणाम सारखा होत नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वपरीक्षेचे प्रवर, मध्य व अवर असे तीन प्रकार येतात. प्रवरसत्त्व पुरुष स्वतःच्या बळावर उभा राहतो. मध्यसत्त्व पुरुष इतरांकडे पाहून स्वतःला सावरतो किंवा इतरांकडून सावरला जातो. अवरसत्त्व पुरुषाला स्वतःचा वा परक्याचा आधार पुरत नाही.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आरपार सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. अशी उदाहरणे स्फूर्तिदायक खरी. परंतु आपल्या चिकित्सालयात येणारा बहुसंख्य रुग्ण मध्यसत्त्वच असतो. जो इतरांच्या आधाराने सावरतो, तो इतरांच्या बोलण्याने ढळतोही. म्हणून "लोकांकडे लक्ष देऊ नका" हा उपदेश त्याला पुरत नाही. त्याला पर्यायी आधार द्यावा लागतो.

आधुनिक संशोधनाचा कलही याच दिशेने आहे. महाविद्यालयीन तरुणींवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजनावरून टीका वा टिंगल अनुभवलेल्या तरुणींमध्ये व्यायाम टाळण्याची वृत्ती अधिक आढळली. टोमणे मारल्याने जाड मनुष्य जिद्दीने व्यायाम करू लागतो, या लोकसमजुतीस त्यातून पुष्टी मिळत नाही.

उपहास दोन प्रकारे घात करतो. एक, रुग्ण लाजून व्यायाम सोडतो. दोन, तो ईर्षेने पेटून पहिल्याच आठवड्यात शक्तीबाहेर धावतो. श्रम, क्लम, तृष्णा, कास, ज्वर ही अतिव्यायामाची लक्षणे प्रसिद्धच आहेत. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांत आचार्यांनी याच संदर्भात दिला आहे. क्रोध, शोक व भय यांनी ग्रासलेल्याने व्यायाम वर्ज्य करावा असेही काही पाठांत आढळते. रागाच्या भरात केलेला व्यायाम फार दिवस टिकत नाही, हा अनुभव त्याच्याशी जुळतो.

चिकित्साव्यवहारातील योजना

समजा, इतवारीतील पंचेचाळीस वर्षांचा एक स्थूल व्यापारी प्रमेहाच्या प्रारंभिक अवस्थेत आपल्याकडे आला. रोज चाळीस मिनिटे चालणे हे त्याचे उद्दिष्ट ठरविले. त्याची योजना पुढीलप्रमाणे करता येईल.

१) मात्रा : प्रारंभी दहा मिनिटे, मग वीस, तीस व चाळीस. स्थौल्यचिकित्सेतही (सूत्रस्थान, अध्याय २१) व्यायाम क्रमानेच वाढविण्यास सांगितले आहे. अर्धशक्तीचे लक्षण, म्हणजे श्वास मुखावाटे येऊ लागणे व कपाळ, काख, नाक यांवर घाम येणे, रुग्णाला प्रत्यक्ष समजावून द्यावे. ज्याला आपली मर्यादा कळते त्याला दुसऱ्याच्या वेगाशी स्पर्धा करावी लागत नाही.

२) काल : शीतकाल व वसंत यांत अर्धशक्ती, इतर ऋतूंत त्याहून कमी, हा नियम नागपुरात अक्षरशः पाळावा लागतो. मे २०१३ मध्ये या शहराचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. ग्रीष्मात मात्रा कमी केली म्हणून "झाली का हौस?" असे कोणी विचारल्यास, ही शास्त्रोक्त ऋतुचर्या आहे, एवढे उत्तर रुग्णाजवळ तयार असावे.

३) संगत : अंबाझरी, सेमिनरी हिल्स, रेशीमबाग मैदान येथे पहाटे नियमित येणाऱ्यांचे लहान लहान गट असतात. अशा एखाद्या गटाशी रुग्णाला जोडून द्यावे. आपल्याच दोन रुग्णांची त्यांच्या संमतीने गाठ घालून देणे हाही सोपा उपाय आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे उदाहरण विदर्भात सर्वांस ठाऊक आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. एकट्याने न पेलणारे सातत्य मंडळात सुलभ होते, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

४) उत्तर : जुने मित्र तोडण्याचा सल्ला व्यवहार्य नाही. संगत वर्ज्य करणे म्हणजे त्या विषयापुरते त्यांचे मत वर्ज्य करणे, असा अर्थ रुग्णास सांगावा. वाद न घालता "वैद्यांनी सांगितले आहे, औषधच आहे ते" असे म्हणून विषय बदलावा. मनाला अहितकर अर्थापासून परावृत्त करणे हीच सत्त्वावजय चिकित्सा होय. काही वेळा त्याच मित्राला "उद्या तूही चल" असे निमंत्रण दिल्याने मर्मोपहासी सोबती होतो.

५) खंड : एखादा दिवस चुकला की "बघा, सोडलेच" असे ऐकावे लागते आणि रुग्णही तसेच समजू लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ९६ स्वयंसेवकांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास १८ ते २५४ दिवस, मध्यमानाने ६६ दिवस लागल्याचे आढळले. एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा आली नाही. ही माहिती रुग्णास पहिल्याच भेटीत द्यावी.

इशारा आणि उपहास यांतील भेद

निरुत्साह करणारे प्रत्येक वाक्य उपहास नसते. "तुझा चेहरा पांढरा पडला, बस जरा" असे म्हणणारा मित्र आप्त होय. छातीत दुखणे, चक्कर, असाधारण धाप ही लक्षणे असता व्यायाम तत्काळ थांबवून तपासणी करावी. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील औषधे घेणाऱ्या मधुमेह्याने उपाशीपोटी व्यायाम करू नये व खिशात साखर ठेवावी. विदर्भात सिकलसेल विकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना अतिश्रम व जलाल्पता यांपासून जपावे लागते. त्यांच्या बाबतीत "नको करूस" हे शब्द कधी पथ्यकर ठरतात.

वैद्य व औषधी विक्रेते यांचे दायित्व

अष्टनिंदितीय अध्यायातील 'निंदित' हा शब्द चिकित्सेच्या दृष्टीने आहे. तो रुग्णाची निंदा करण्याची अनुज्ञा देत नाही. "एवढे वजन कसे वाढवले?" हा प्रश्न चारचौघांत विचारणारा वैद्य मर्मोपहासींच्याच पंक्तीत बसतो.

व्यायाम सोडलेला रुग्ण बहुधा वैद्याकडे न जाता औषधी दुकानात जातो व "चरबी कमी करायचे काही द्या" असे म्हणतो. मेदोहर गुग्गुळाची डबी हातात देण्यापूर्वी "फिरणे चालू आहे ना?" असे विक्रेत्याने सौम्यपणे विचारावे, आणि सुटले असल्यास त्याला पुन्हा वैद्याकडे पाठवावे. गल्ल्यावरील इतर गिऱ्हाइकांसमोर विनोद टाळावा.

उपसंहार

रुग्णपत्रकावर आहार, निद्रा, मल यांची नोंद आपण करतोच. त्याच ठिकाणी व्यायामाखाली तीन प्रश्नांची जागा ठेवावी, अशी आमची सूचना आहे : गेल्या आठवड्यात किती दिवस व्यायाम झाला? कोणाबरोबर झाला? त्यावर घरी व मित्रांत कोण काय म्हणाले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना रुग्ण प्रथम हसून टाळील. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तो बोलू लागला की व्यायाम का सुटतो हे कळेल, आणि मात्रा वाढवावी की सोबती शोधावा याचा निर्णय करता येईल.