झाडाचे वय कसे ठरते?



"हा वड हजार वर्षांचा आहे," असे आपण सहज ऐकतो आणि तितक्याच सहज दुसऱ्याला सांगतो. पण झाडाजवळ काही जन्मदाखला नसतो! मग जगातील सर्वांत जुन्या झाडांचे वय कसे ठरवतात?

जेथे वाढीचा आणि विश्रांतीचा ऋतू स्पष्ट वेगळा असतो, तेथे खोडात दरवर्षी लाकडाचे एक नवे वलय तयार होते. कोरड्या प्रदेशात चांगल्या पावसाच्या वर्षी ते रुंद होते, दुष्काळात अरुंद. वलये मोजण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी काढतात.

मात्र नुसते मोजून भागत नाही. फार कठीण वर्षी खोडाच्या काही भागात वलय तयारच होत नाही. कधी एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून रुंद-अरुंद वलयांचा क्रम त्याच परिसरातील इतर झाडांशी ताडून पाहतात. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही पद्धत विकसित केली.

याच पद्धतीने एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हाइट पर्वतात 'मेथुसेलाह' हे ब्रिसलकोन पाइनचे झाड शोधले. त्याचे वय आज ४,८०० वर्षांहून अधिक आहे. त्याला इजा होऊ नये म्हणून त्याची नेमकी जागा गुप्त ठेवली आहे.

ही काळजी उगीच नाही. १९६४ मध्ये नेवाडा राज्यात डोनाल्ड करी या संशोधक विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी, वनखात्याच्या परवानगीने, 'प्रोमिथियस' हे झाड तोडले गेले. नंतर करी यांनी वलये मोजली, ती भरली ४,८४४! एवढे जुने झाड तोपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते.

पुराव्याचे महत्त्वही पाहा. व्हाइट पर्वतातीलच एक झाड ५,०६२ वर्षांचे असल्याचे टॉम हार्लन यांनी सांगितले होते. २०१३ मध्ये ते वारले. त्यानंतर त्या झाडाची कांडी सापडली नाही, म्हणून ती नोंद यादीतून काढण्यात आली. चिलीतील 'ग्रान आबुएलो' हे झाड ५,००० वर्षांहून जुने असावे, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. पण तेथे कांडी खोडाच्या मध्यापर्यंत पोचली नव्हती. उरलेले वय संगणकाच्या साहाय्याने अंदाजले होते. त्यामुळे अनेक तज्ज्ञांनी ते लगेच मान्य केले नाही.

आपल्या वडात अशी स्पष्ट वार्षिक वलये सहसा दिसत नाहीत. केवळ घेर मोजूनही त्याचे वय कळत नाही, कारण पाणी व माती चांगली असेल तर झाड लवकर फोफावते. सागात मात्र वलये चांगली दिसतात.

करून पाहा : पालकांसोबत लाकडाच्या वखारीत जा. सागाच्या एकाच ओंडक्याची वलये दोघांनी वेगवेगळी मोजा. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजा आणि फरक कोठे पडला ते शोधून वहीत लिहा. आणि यापुढे कोणी झाडाचे वय सांगितले, तर नम्रपणे जरूर विचारा, "हे कशावरून ठरवले?"