पुढच्या शॉकअपला कोणतं ऑइल घालावं?

प्रश्न : माझ्या १५० सीसी मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबला की शॉकअप एकदम खाली बसतात. मेकॅनिक जाड ऑइल घालायला सांगतो. घालू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ऑइल बदला, ग्रेड नंतर. जुनं ऑइल कणांनी आणि ओलाव्याने खराब होऊन पातळ होतं. अनेकदा कंपनीने सांगितलेलं नवं ऑइल घातल्यावरच गाडी सुधारते.

तरीही मऊ वाटल्यास एकच पायरी चढा : १० डब्ल्यूऐवजी १५ डब्ल्यू. मात्र हे आकडे सगळ्या ब्रँडांचे सारखे नसतात. डब्यावर ४० अंशांना दिलेला सेंटीस्टोक आकडा पाहून तुलना करा. जाड ऑइल शॉकअपची हालचाल मंदावतं, स्प्रिंगची ताकद वाढवत नाही. ऑइल फार जाड झालं, तर सलग खड्ड्यांत शॉकअप वेळेत वर येत नाहीत आणि टायरची पकड सुटते. स्प्रिंग थकली असेल, तर तीच बदला.

बदलताना पुढचं चाक अधांतरी, गाडी पक्क्या आधारावर हवी. वरचं झाकण सांभाळून उघडा. खाली दाबलेली स्प्रिंग असते. जुनं ऑइल पूर्ण काढा, नवं भरून नळी वर-खाली करत हवा काढा. पातळी मॅन्युअलप्रमाणे दोन्हींकडे अगदी सारखी ठेवा.

सील गळत असेल, तर लगेच बदला. ऑइल ब्रेकवर उतरलं, तर जिवावर बेतेल.