दुरून मोटर बंद करण्याची तजवीज

प्रश्न : खराडीतील आमच्या सोसायटीच्या तळघरातला साडेसात अश्वशक्तीचा थ्री-फेज पंप साठ मीटरांवरील वॉचमनच्या केबिनमधून बंद करता यावा, अशी इच्छा आहे. मोबाइलवर चालणारे यंत्र घ्यावे काय?

उत्तर : पंपाचा मुख्य प्रवाह केबिनपर्यंत नेण्याचे मुळीच प्रयोजन नाही, स्टार्टरमधील काँटॅक्टरची कॉइल जोवर प्रवाहित आहे तोवरच मोटर चालत असल्यामुळे, त्या कॉइलच्या वाटेत, स्टार्टरच्या तांबड्या बटणाशी एकसरीने, एरव्ही जुळलेले आणि दाबताच तुटणारे दुसरे बटण केबिनमध्ये बसवले, की काम भागते. उंदराने तार कुरतडली तरी पंप बंदच पडतो, हे यातील मर्म. याउलट, दाबल्यावर जुळणारे बटण बसवले, तर तार तुटल्याची खबर ऐन प्रसंगी हुकूम वाया गेल्यावरच लागते.

आपल्याकडील पुष्कळ थ्री-फेज स्टार्टरांत कॉइल 415 व्होल्टची असते. तेवढा दाब केबिनपर्यंत नेऊ नये. पण 24 व्होल्टवर इतक्या लांबीच्या तारेतच दाब घटून काँटॅक्टर थरथरण्याचा संभव, म्हणून कंट्रोल ट्रान्सफॉर्मर व 110 व्होल्टची कॉइल मला अधिक पसंत. बटण छत्रीच्या आकाराचे, दाबल्यावर अडकून राहणारे घ्यावे.

पुण्याच्याच संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’सारखी मोबाइल यंत्रे दूरच्या विहिरीवरील शेतकऱ्यास वरदान खरी, परंतु नेटवर्कच्या मर्जीवर आणीबाणीचा बंदोबस्त सोपवू नये, सोयीखातर जोडायचे तर बटणाच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. आणि पंप उघडायचा असेल तेव्हा या बटणावर इतबार न ठेवता मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालावे, किल्ली वायरमनच्याच खिशात राहू द्यावी.