मोबाइलच्या पडद्याची खोड

वसतिगृहांतील मुलांस घरीं बोलण्याचें एकच साधन, तो मोबाइल. आणि त्याचा टचस्क्रीन मधूनमधून बोटास दाद देईना. दुकानदारानें नवी कांच सुचविली. आम्हीं आधीं पडदा रुसतो केव्हां, हें पाहावयाचें ठरविलें.

कांचेखालीं सूक्ष्म विद्युत्‌क्षेत्र असतें; बोट टेकतांच तेथील विद्युद्धारकता बदलते व स्थान कळतें. घामाच्या थेंबानेंहि तोच भ्रम होतो. म्हणून पडदा पुसला, यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें, जाड संरक्षक कांचहि काढली. व्यर्थ! अखेर ध्यानांत आलें कीं, ही खोड चार्जर जोडलेला असतांनाच उद्भवते. हलक्या चार्जरांतून येणारा विजेचा गोंगाट त्या नाजूक मापनांत मिसळत होता. चार्जर बदलतांच पडदा बोटाचें ऐकूं लागला; कांचेचे पैसे वांचले.

मात्र बॅटरी फुगून पडदा उचलला गेल्यास असले प्रयोग न करितां यंत्र तत्काळ बंद करून जाणत्याकडे न्यावें.