कर्ज मागण्याआधी आपला पत-अहवाल पाहा

बारामतीच्या पेठेत किंवा इंदापूरच्या आडत्यांकडे व्यवहार शब्दावर चालतो. ज्याची उधारी वेळेवर फिटते, त्याला माल मिळतो. परंतु बाजारातील ही पत बँकेच्या टेबलावर दिसत नाही, कारण आपसातील उधारीची नोंद तेथे जात नाही. बँक पाहते तो पत-अहवाल. आपण आजवर बँका व फायनान्स कंपन्यांकडून घेतलेली कर्जे, भरलेले व चुकलेले हप्ते यांचा तो हिशेब असतो.

फॅब्रिकेशनवाल्याला वेल्डिंग मशीन घ्यायचे असते, फळविक्रेत्याला टेम्पो. अर्ज नामंजूर झाल्यावरच त्यांना या अहवालाची माहिती होते. तोपर्यंत इसार दिलेला असतो आणि हंगाम हातचा जातो. म्हणून अर्जाआधीच अहवाल पाहणे शहाणपणाचे आहे.

अहवाल मोफत मिळतो

भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या अशी माहिती ठेवतात. त्यांच्यासाठी २००५ चा कायदा आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने मागणाऱ्यास वर्षातून एक पूर्ण अहवाल गुणांकासह मोफत द्यावयाचा आहे. म्हणजे वर्षाला चार अहवाल. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडून घेतल्यास वर्षभर लक्ष राहते.

कंपनीच्याच संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक व मोबाईल नंबर भरावा. मोफत वार्षिक अहवालाचाच पर्याय निवडावा. शेजारी पैसे घेऊन मिळणाऱ्या योजनाही दाखवलेल्या असतात. दुसऱ्याकडून अर्ज भरून घेतल्यास ओटीपी आपणच टाकावा व कागद सोबत आणावा. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक कमी होत नाही.

काय तपासावे?

१) आपण न घेतलेले कर्ज आपल्या नावावर आहे काय?
२) फेडलेले कर्ज अजून चालू दिसते काय?
३) कोणाला जामीन राहिलो असल्यास ते कर्ज थकले आहे काय? भावाला किंवा मित्राला दिलेली सही आपल्याही अहवालात येते.
४) तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेले खाते ‘सेटल्ड’ असे दिसते. ते पूर्ण फेडलेले धरले जात नाही.

चूक आढळल्यास

अहवाल देणाऱ्या कंपनीकडे व कर्ज देणाऱ्या बँकेकडे तक्रार करावी. सोबत बेबाकी दाखला व पावत्या जोडाव्यात आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत निकाल न लागल्यास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

मात्र हप्ता खरोखरच चुकला असेल, तर ती नोंद पैसे देऊन पुसता येत नाही. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये. थकबाकी भरणे व पुढचे हप्ते वेळेवर देणे, हाच त्यावर उपाय आहे.

व्यापारी व कारागीर बंधूंनी वर्षअखेरीस दुकानाचा हिशेब मिटवताना या हिशेबावरही एकदा नजर टाकावी.